भाताला खत केव्हा, किती आणि कोणत्या क्रमाने: दाण्याचा कस राखण्यासाठी टप्प्याटप्प्याने मार्गदर्शन

कोल्हापूर जिल्ह्याच्या पश्चिम पट्ट्यात, म्हणजे शाहूवाडी, पन्हाळा, गगनबावडा, राधानगरी, भुदरगड, आजरा आणि चंदगड या तालुक्यांत, भाताच्या खताचा हिशोब बहुतेक घरांत पोत्यांत होतो: इतकी पोती युरिया टाकला, इतकी पोती भात निघाले. दाण्यात प्रथिने किती उतरली, जस्त किती आले, तांदूळ शिजल्यावर मऊ राहील की कडक होईल, हे खत टाकताना कोणी विचारत नाही. ते ताटात भात वाढल्यावर आठवते आणि तेव्हा हंगाम संपलेला असतो.

खताने दाण्याचा कस बदलतो, हे खरे आहे. मात्र तो जितका मात्रेने बदलतो त्याहून अधिक वेळेने आणि क्रमाने बदलतो आणि चुका नेमक्या तिथेच होतात. पुढील सर्व आकडे एका एकरासाठी आहेत. गुंठ्याचा हिशोब हवा असेल तर चाळीसने भागावे.

## १. आधी ठरवा: हा तांदूळ कोणासाठी

पहिली चूक पेरणीच्याही आधी होते. घरी वर्षभर खायचे भात आणि वासासाठी विकायचे भात यांना एकाच पद्धतीने खत घातले जाते. या दोन भातांकडून आपल्याला हव्या असलेल्या गोष्टी एकमेकींच्या विरुद्ध आहेत, हे लक्षात घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये.

नत्र (नायट्रोजन) जितके उशिरा मिळते, तितका त्याचा अधिक वाटा दाण्यातील प्रथिनाकडे वळतो. सडलेल्या, म्हणजे कोंडा काढून पांढऱ्या केलेल्या, तांदळात साधारण सहा ते आठ टक्के प्रथिने असतात; उशिराच्या नत्राने त्यात एखाद-दीड टक्क्याची भर पडू शकते. परंतु हे प्रथिन पिष्टाच्या कणांभोवती बसते आणि शिजताना पाणी आत शिरायला अडवते, त्यामुळे भात अधिक पाणी व वेळ मागतो, मोकळा होतो आणि किंचित कडक लागतो. घरच्या खाण्यासाठी हा सौदा परवडतो, कारण ज्या घरात डाळ रोज शिजत नाही तिथे एक टक्का प्रथिनही मोलाचे असते. आजरा घनसाळसारख्या तांदळाला मात्र तो परवडत नाही. २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेला हा तांदूळ लोक वासासाठी आणि मऊपणासाठी घेतात. त्याची काडी उंच आणि नाजूक असल्यामुळे जास्त नत्राने तो हमखास लोळतो, म्हणजे आडवा पडतो.

म्हणून वहीत प्रत्येक खाचरापुढे लिहून ठेवावे: खाण्याचे, विकण्याचे, की बियाण्याचे. पुढचा प्रत्येक निर्णय या एका शब्दावर अवलंबून आहे.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. खताने जितका फरक पडतो त्याहून मोठा फरक जातीने पडतो. हैदराबादच्या भारतीय तांदूळ संशोधन संस्थेच्या डीआरआर धान ४५ या जातीच्या सडलेल्या तांदळात जस्ताचे प्रमाण २२.६ पीपीएम (दहा लाखांत इतके भाग) आहे, तर नेहमीच्या जातींत ते १२ ते १६ पीपीएमच्या दरम्यान असते. कटकच्या राष्ट्रीय तांदूळ संशोधन संस्थेच्या सीआर धान ३१० मध्ये प्रथिने १०.३ टक्के आहेत. आपल्या जोरदार पावसाच्या खाचरात अशी जात आणायची असेल तर पहिल्या वर्षी दोन-तीन गुंठ्यांवरच करून पाहावी. सगळे शेत एकदम तिच्या हवाली करू नये.

## २. मातीचा नमुना: खत घेण्यापूर्वी, घेतल्यानंतर नव्हे

पश्चिमेकडील जांभी-तांबडी माती आम्लधर्मी असते. तिच्यात स्फुरद (फॉस्फरस) लोह-ॲल्युमिनियमला चिकटून अडकतो आणि पावसाने नत्र व पालाश (पोटॅश) वाहून जातात. पूर्वेकडे हातकणंगले-शिरोळच्या काळ्या, चुनखडीयुक्त जमिनीत सामू (पीएच) आठच्या वर जातो आणि तिथे जस्त पिकाला मिळेनासे होते. गगनबावड्यात वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. शिरोळचा पाऊस त्याच्या पासंगालाही पुरत नाही. एकाच जिल्ह्यातील या दोन टोकांना एकच खताचा चार्ट लावणे म्हणजे एकाच मापाची चप्पल सगळ्या घराला घालणे होय.

नमुना घेण्याचा क्रम असा आहे:

१) मागील पीक निघाल्यानंतर आणि शेणखत पसरण्यापूर्वी नमुना घ्यावा.

२) बांधाकडची जागा, झाडाखालची जागा, उकिरड्याची जुनी जागा आणि पाणी साचणारा कोपरा वगळून आठ-दहा ठिकाणी व्ही आकाराचा, वीतभर खोल खड्डा घ्यावा आणि त्याच्या बाजूची वरपासून खालपर्यंत सारखी चकती खरवडून घ्यावी.

३) सर्व माती पोत्यावर मिसळून तिचे चार भाग करावेत, समोरासमोरचे दोन भाग टाकून द्यावेत आणि अर्धा किलो उरेपर्यंत हे पुन्हा पुन्हा करावे.

४) माती सावलीत वाळवावी. खताच्या रिकाम्या पोत्यात ती कधीही भरू नये. हा निष्काळजीपणा इतका सर्रास होतो की अहवालातील स्फुरद-पालाशाचे आकडे पाहून आपलेच शेत ओळखू येत नाही.

अहवाल हाती आला की बहुतेक जण नत्र, स्फुरद, पालाश हे तीन आकडे पाहून तो घडी करून ठेवतात. मृदा आरोग्य पत्रिकेत बारा घटक असतात आणि दाण्याच्या कसासाठी त्यांतील सामू, सेंद्रिय कर्ब, गंधक आणि जस्त हे चार तितकेच महत्त्वाचे आहेत.

पडताळा: उपलब्ध जस्त ०.६ पीपीएमपेक्षा कमी असेल तर जमिनीतून जस्त द्यावेच लागेल. त्याहून अधिक असेल तर जमिनीतील मात्रा टाळता येते, पण टप्पा ७ मधील फवारणी तरीही उपयोगी पडते.

## ३. कागदावरचा हिशोब

सुधारित भातासाठी हेक्टरी १०० किलो नत्र, ५० किलो स्फुरद आणि ५० किलो पालाश ही आपल्याकडील नेहमीची शिफारस आहे. एकराला ती ४०:२०:२० किलो होते. मातीच्या अहवालानुसार ती कमीजास्त करावी लागते, पण आधी हिशोब कसा मांडायचा ते पाहू.

सिंगल सुपर फॉस्फेट वापरल्यास: सुपर फॉस्फेट १२५ किलो (अडीच पोती), म्युरेट ऑफ पोटॅश ३३ किलो आणि युरिया ८७ किलो, म्हणजे ४५ किलोच्या दोन पोत्यांना थोडा कमी.

१०:२६:२६ वापरल्यास: दीड पोते, म्हणजे ७५ किलो. यातून स्फुरद आणि पालाश जवळपास पूर्ण होतात आणि साडेसात किलो नत्रही मिळते, त्यामुळे युरिया ७० किलोवर आणावा लागतो.

डीएपी वापरल्यास: ४३ ते ४४ किलो. त्यातून पावणेआठ किलो नत्र येते. येथेही युरिया ७० किलोच बसतो, पालाश मात्र वेगळा द्यावा लागतो.

सर्वांत सर्रास होणारी चूक हीच आहे: डीएपी किंवा १०:२६:२६ मधील नत्र वजा न करता वर युरियाची पूर्ण दोन पोती टाकली जातात. हे जादा नत्र दाण्यात जाईल असे वाटते, पण ते आधी पानात जाते, पानामुळे सावली होते, सावलीत काडी उंच आणि पोकळ वाढते आणि शेवटी ती आडवी पडते.

माझी स्वतःची पसंती सुपर फॉस्फेटला आहे. त्यात सुमारे ११ टक्के गंधक असते, म्हणजे अडीच पोत्यांतून जवळजवळ १४ किलो गंधक फुकट मिळते. मेथिओनिन आणि सिस्टीन या अमिनो आम्लांत गंधक असते. जमिनीत गंधक कमी असेल तर नुसत्या नत्राने तयार होणारे प्रथिन त्या बाजूने लंगडे राहते. पोती जास्त वाहावी लागतात, डोंगराच्या वाटेने तर जीव निघतो, हे मान्य आहे. तरीही पसंती तीच.

सावध: स्फुरद शिफारशीपेक्षा जास्त टाकल्याने दोन बाजूंनी नुकसान होते. मुळाशी जस्ताचे शोषण घटते आणि दाण्यात फायटेट वाढते. फायटेट पोटात गेल्यावर लोह आणि जस्ताला बांधून ठेवते, त्यामुळे दाण्यात असलेलेही अंगी लागत नाही.

घनसाळसाठी वरची मात्रा जशीच्या तशी लागू करू नये. आमच्या शेतात शेणखत घातलेल्या खाचरात आम्ही नत्राच्या अर्ध्या मात्रेपुढे जात नाही आणि स्फुरद-पालाश अहवाल पाहून देतो.

## ४. चिखलणीच्या वेळचे खत

येथे क्रम चुकला तर पुढे तो भरून काढता येत नाही.

१) पूर्ण कुजलेले शेणखत, चार टनांच्या आसपास, पहिल्या नांगरटीला किंवा पहिल्या चिखलणीपूर्वी पसरावे. अर्धवट कुजलेले शेणखत किंवा ओली वैरण पाण्याखाली गाडली की जमिनीत कुजण्याची क्रिया जोरात चालते आणि नेमक्या त्याच आठवड्यांत रोपाला जस्त मिळणे कठीण होते. बांधावरचा गिरिपुष्पाचा कोवळा पाला गाडायचा असेल तर लावणीच्या किमान आठवडाभर आधी गाडावा.

२) जस्ताची कमतरता असेल तर २१ टक्क्यांचे झिंक सल्फेट १० किलो, चाळलेल्या शेणखतात मिसळून, सुपर फॉस्फेटच्या दोन-तीन दिवस आधी द्यावे. एकाच बादलीत दोन्ही कालवू नयेत. स्फुरद आणि जस्त एकत्र आले की त्यांचे न विरघळणारे संयुग बनते आणि दोन्ही खतांचा पैसा चिखलात जातो.

३) शेवटच्या चिखलणीला स्फुरदाची पूर्ण मात्रा, पालाश आणि नत्राचा ४० टक्के हिस्सा (सुपर फॉस्फेट वापरले असल्यास युरिया सुमारे ३५ किलो) द्यावा आणि चिखलात नीट मिसळावा. हलक्या, पाणी निथळणाऱ्या जांभ्या जमिनीत पालाशाचा अर्धा भाग राखून तो टप्पा ६ मध्ये द्यावा.

नायट्रेटयुक्त खत यावेळी वापरू नये. पाणी साचलेल्या चिखलात नायट्रेटचा वायू होऊन ते उडून जाते.

ज्यांना दर हप्त्याला पावसाच्या उघडिपीची वाट पाहणे जमत नाही, त्यांच्यासाठी डॉ. नारायण सावंत यांच्या चारसूत्री पद्धतीतील युरिया-डीएपीच्या गोळ्या हा चांगला मार्ग आहे. रोपे १५ आणि २५ सेंटिमीटरच्या जोडओळीत लावावीत आणि लावणीनंतर लगेच चार चुडांच्या (एकत्र लावलेल्या रोपांच्या जुड्यांच्या) मध्ये २.७ ग्रॅमची एक गोळी सात ते दहा सेंटिमीटर खोल खोचावी. एकराला सुमारे ६८ किलो गोळ्या लागतात आणि त्यांतून २३-२४ किलो नत्र मिळते. गोळी मुळाजवळ खोल असल्याने नत्र वाहून जात नाही, म्हणून कमी मात्रेतही काम होते. गोळ्या खोचल्या असतील तर चिखलणीचा आणि फुटव्यांचा युरिया देऊ नये. ‘थोडा वरून पण टाकू’ या मोहाने ही पद्धत अनेकांच्या शेतात फसली आहे.

पडताळा: लावणीनंतर दोन ते चार आठवड्यांनी खालच्या, जुन्या पानांवर तांबूस-तपकिरी ठिपके दिसले आणि वाढ खुंटली, तर काळ्या जमिनीत ते बहुधा जस्ताच्या कमतरतेचे लक्षण असते. जांभ्या पट्ट्यातील निचरा नसलेल्या खोलगट खाचरात मात्र अशीच तांबूस झाक लोहाच्या अतिरेकाने येते. तिथे पाणी काढून टाकणे हा उपाय आहे. फेरस सल्फेट टाकणे म्हणजे आगीत तेल ओतणे.

## ५. फुटव्यांचा हप्ता

लावणीनंतर तीन ते चार आठवड्यांनी नत्राचा दुसरा ४० टक्के हिस्सा, म्हणजे पुन्हा ३५ किलो युरिया द्यावा. धूळवाफ पेरणीच्या, म्हणजे पावसाआधी कोरड्या मातीत पेरलेल्या, भाताला तो भांगलण झाल्यावर द्यावा. तण असताना दिलेले खत आधी तणच खाते.

खाचरातील पाणी उतरवून चिखल उघडा करावा, युरिया टाकावा, तोंडे बंद करावीत आणि दीड-दोन दिवसांनी पाणी पुन्हा घ्यावे. डोंगरउतारावर पाणी वरच्या खाचरातून खालच्यात वाहत असते, तिथे हे विसरल्यास काय होते ते कोणत्याही गावात दिसते: वरचे खाचर पिवळे आणि खालचे काळेभोर. वरच्याने घातलेले खत खालच्याच्या भातात उतरते आणि ते भात ऐन दाणे भरताना लोळते. पैसे एकाचे, नुकसान दोघांचे.

२०१५ पासून देशात तयार होणारा युरिया निमलेपितच येतो, त्यामुळे तो वेगळ्या निंबोळी पेंडीत घोळण्याची गरज राहिलेली नाही. लेप नत्र सावकाश सोडतो, पण वाहत्या पाण्यासमोर त्याचे काही चालत नाही.

पडताळा: पानांचा रंगतक्ता जवळ ठेवावा. सकाळी, आपल्या अंगाच्या सावलीत, सर्वांत वरचे पूर्ण उघडलेले पान तक्त्यावर धरावे; अशी दहा पाने पाहावीत. सुवासिक भातासाठी तिसरी पट्टी आणि इतरांसाठी चौथी पट्टी ही मर्यादा धरली जाते. दहांपैकी सहा पाने त्याहून फिकी असतील तरच नत्र द्यावे. शेजाऱ्याचे भात हिरवेगार दिसते, हे नत्र देण्याचे कारण होऊ शकत नाही.

## ६. पोटरीआधीचा हप्ता: दाण्याचे प्रथिन येथे ठरते

संपूर्ण क्रमातील सर्वाधिक चुका या टप्प्यावर होतात, म्हणून येथे थोडे थांबावे लागेल. पोटरी म्हणजे लोंबी बाहेर पडण्याआधी तिच्यामुळे फुगलेला काडीचा वरचा भाग.

उरलेले २० टक्के नत्र, म्हणजे सुमारे १७ किलो युरिया, लोंबीचा कोंब काडीत धरतो त्या वेळी द्यायचे असते. ही वेळ कॅलेंडरवरून ठरवू नये. इंद्रायणीसारख्या १३५ ते १४० दिवसांच्या जातीत ती पेरणीनंतर साधारण ७० ते ७५ दिवसांनी येते; मृगात रोप टाकले असेल तर ऑगस्टचा उत्तरार्ध, म्हणजे मघा नक्षत्राच्या आसपास. परंतु ढगाळ हवेत आठवडाभर मागेपुढे होते.

खात्री करण्याची पद्धत अशी आहे. खाचराच्या मधल्या भागातून एक जाड, मुख्य काडी मुळासकट उपटावी. मुळे धुऊन काडी बुडाशी धारदार पात्याने उभी चिरावी. सर्वांत वरच्या पेऱ्याच्या टोकाला, आतल्या बाजूस, दीड-दोन मिलिमीटरची पांढरी, पिसासारखी मऊ बोंडी दिसली की वेळ झाली. ती नजरेला सहज येत नाही. काळ्या कापडावर काडी ठेवली किंवा मोबाइलच्या कॅमेऱ्याने मोठी करून पाहिली तर लगेच ओळखता येते. पाच ठिकाणच्या पाच काड्या चिराव्यात. तिघींत बोंडी दिसली तर दुसऱ्याच दिवशी खत द्यावे.

बोंडी दिसण्याच्या तीन आठवडे आधी हे नत्र दिले तर ते फुटवे काढण्यात खर्च होते, त्यांतील बरेच फुटवे निसवतच नाहीत, म्हणजे त्यांतून लोंबी बाहेर पडतच नाही, आणि दाण्याच्या वाट्याला काही येत नाही. त्याउलट पोटरी फुगल्यानंतर मूठ भरून युरिया फेकणे हे आमच्याकडे ‘शेवटचा डोस’ म्हणून रूढ आहे आणि तेच सर्वांत घातक ठरते. कागदावर पाहिले तर या वेळचे नत्र प्रथिनाला पोषक असते. आपल्या पावसाळी हवेत मात्र त्याने पान उशिरापर्यंत कोवळे राहते, लोंबीच्या मानेवर करपा येतो, तुडतुडे वाढतात आणि पक्वता लांबून पीक परतीच्या पावसात सापडते.

मी स्वतः हे करून बसलो आहे. काही वर्षांपूर्वी घनसाळ पोटरीत असताना रंग थोडा फिका वाटला म्हणून दहा गुंठ्यांना आठ किलो युरिया टाकला. पंधरा दिवस शेत पाहायला लोक थांबत होते. हस्ताचा पाऊस आला आणि एका रात्रीत सगळे भात चटईसारखे आडवे झाले. खालच्या लोंब्यांना शेतातच मोड आले, वरच्या दाण्यांची पोटे पांढरी राहिली आणि गिरणीत निम्मी कणी निघाली. आईने त्यातला तांदूळ शिजवला, झाकण काढले आणि एवढेच म्हणाली, “भात शिजलाय रं, पर वास कुठं गेला?”

घरच्या खाण्याच्या भातासाठी प्रथिन वाढवायचे असेल तर एकूण नत्र वाढवू नये. दुसऱ्या हप्त्यातील चार-पाच किलो युरिया कमी करून तो या हप्त्यात घालावा. घनसाळला हा हप्ता, रंगतक्ता स्पष्टपणे मागत नसेल तर, देऊच नये.

पालाशाचा राखून ठेवलेला अर्धा भाग याच दिवशी द्यावा. पालाश काडी ताठ ठेवतो आणि पानातील साखर दाण्याकडे नेण्यास मदत करतो. तो कमी पडला की पळंज, म्हणजे पोकळ दाणे, वाढते.

सावध: पुढील दोन दिवसांत मोठ्या पावसाचा इशारा असेल तर खत घरातच ठेवावे. चार दिवस उशीर परवडतो. वाहून गेलेला हप्ता मात्र पुन्हा देण्याची वेळ उरत नाही.

## ७. जस्ताची फवारणी

जमिनीतून दिलेले झिंक सल्फेट रोपाची कमतरता भरून काढते आणि उत्पादन वाचवते, पण त्यातील फार थोडे दाण्यापर्यंत पोहोचते. दाण्यातील जस्त वाढवायचे असेल तर फुलोरा संपल्यानंतर, दाण्यात दूध भरू लागले असताना, पानांवर फवारणी करावी लागते. पान आणि लोंबीवर पडलेले जस्त तेव्हा भरणाऱ्या दाण्याकडे ओढले जाते. निसवण्याच्या आधी केलेली फवारणी पिकाला उपयोगी पडते, दाण्याला तितकी नाही.

कृती:

१) बहुतेक लोंब्या बाहेर पडून सात-आठ दिवस झाल्यावर मधल्या लोंबीतील दाणा नखाने दाबून पाहावा. पांढरे, पातळ दूध आले पाहिजे. काहीच आले नाही तर दोन-तीन दिवस थांबावे. घट्ट पीठ आले तर वेळ टळत चालली आहे, असे समजावे.

२) एकराला २०० लिटर पाण्यात एक किलो झिंक सल्फेट (२१ टक्के) लागते, म्हणजे १५ लिटरच्या पंपाला ७५ ग्रॅम. तेहतीस टक्क्यांचे असेल तर पंपाला ५० ग्रॅमपेक्षा किंचित कमी घ्यावे. पिशवीवरील टक्केवारी न वाचता मोजल्यामुळे पाने करपल्याची उदाहरणे दरवर्षी दिसतात.

३) अर्धा किलो चुना आदल्या रात्री पाण्यात भिजवून वरची निवळी कापडाने गाळून घ्यावी आणि द्रावणात मिसळावी, म्हणजे पान भाजत नाही. पीक फिके असेल तर चुन्याऐवजी दोन टक्के युरिया, म्हणजे पंपाला ३०० ग्रॅम, घेता येतो. पोटरीत युरिया फेकण्याऐवजी प्रथिनासाठी उशिराचे थोडे नत्र देण्याचा हा त्यामानाने सुरक्षित मार्ग आहे.

४) फवारणी दुपारी चारनंतर करावी. भाताचे फूल सकाळी उमलते. मागे राहिलेल्या लोंब्यांवर सकाळी फवारा बसला तर परागीभवन बिघडून तेवढे दाणे पोकळ राहतात. फवारल्यानंतर चार-पाच तास कोरडे मिळाले पाहिजेत.

५) आठ-दहा दिवसांनी दुसरी फवारणी करावी.

चुन्याच्या द्रावणात कीटकनाशक किंवा बुरशीनाशक मिसळू नये. विद्राव्य स्फुरदयुक्त खतही त्याच पंपात घालू नये. कारण टप्पा ४ मध्ये सांगितलेलेच आहे.

‘मग लोहही असेच फवारू का?’ असे अनेक जण विचारतात. त्याचा दाण्यातील लोहावर फारसा परिणाम होत नाही. तांदळातील लोह मुख्यतः बाहेरच्या थरात असते आणि ते किती उरेल हे जातीवर व गिरणीवर ठरते.

## ८. कापणी आणि वाळवण

लोंबीतील ८०-८५ टक्के दाणे पिवळे झाले की कापावे. त्याआधी आठ-दहा दिवस पाणी तोडावे. दाणे १३-१४ टक्के ओलाव्यापर्यंत सावकाश वाळवावेत. डांबरी रस्त्यावर भर उन्हात वाळवलेल्या भाताला आतून तडे जातात आणि वर्षभर जपलेला दाणा गिरणीत कणी होतो.

## ९. गिरणीत काय मागावे

खतावर चार महिने घातलेली मेहनत येथे दहा मिनिटांत जाऊ शकते. पांढऱ्याशुभ्र पॉलिशमध्ये बाहेरच्या थराबरोबर लोहाचा आणि बी-१ जीवनसत्त्वाचा मोठा भाग कोंड्यात निघून जातो. जस्त आतल्या भागातही असल्याने ते तुलनेने अधिक टिकते, त्यामुळे फवारणीचा फायदा पांढऱ्या तांदळातही काही प्रमाणात उरतो. बाहेरच्या थरात फायटेटही असते हे खरे, पण तेवढ्यासाठी सगळा थर घालवणे हा तोट्याचाच सौदा आहे.

गिरणीवाल्याला ‘एकच पास’ किंवा ‘हलका हात’ असे स्पष्ट सांगावे आणि पहिल्या पायलीचा तांदूळ हातात घेऊन पाहावा: किंचित पिवळसर-करडी झाक राहिली पाहिजे. असा तांदूळ लवकर किडतो, म्हणून महिना-दोन महिने पुरेल इतकेच कांडून आणावे. कोकणाला लागून असलेल्या भागात खाल्ल्या जाणाऱ्या उकड्या तांदळात उकडताना बी-१ जीवनसत्त्व दाण्याच्या आत मुरते, त्यामुळे त्याचे सडताना कमी नुकसान होते.

## १०. तुलनेसाठी पट्टा ठेवा

शेतात एक गुंठा असा ठेवावा की ज्याला टप्पा ६ मधील नत्र आणि टप्पा ७ मधील फवारणी दिलेली नाही. त्याचे भात वेगळे कापावे, वेगळे मळावे, वेगळ्या पिशवीत भरावे आणि त्याच गिरणीत, त्याच दिवशी, तितकेच सडून घ्यावे. ही काळजी घेतली नाही तर तुलना खताची न होता गिरणीची होते.

घरी पाहण्यासारख्या गोष्टी तीन आहेत. हजार दाणे मोजून वजन करावे. शंभर दाणे काळ्या कापडावर पसरून पांढऱ्या पोटाचे किती ते मोजावे. दोन्ही तांदूळ एकसारख्या पातेल्यांत, तितकेच पाणी घालून शिजवावेत. प्रथिन वाढलेल्या तांदळाला वाटीमागे थोडे जास्त पाणी लागते आणि शीत अधिक सुटे राहते.

प्रथिन आणि जस्ताचे आकडे हवे असतील तर अन्न तपासणी प्रयोगशाळेत दोन्हींचे पाव-पाव किलोचे नमुने पाठवावेत आणि नमुना सडलेला आहे की बिनसडीचा, हे पिशवीवर लिहावे. प्रयोगशाळा नत्र मोजून त्यावरून प्रथिन काढते. तांदळासाठी त्याला ५.९५ ने गुणतात. अहवालात ६.२५ चा गुणक वापरला असेल तर तोच तांदूळ विनाकारण अधिक प्रथिनयुक्त दिसतो, तेव्हा दोन वर्षांच्या अहवालांची तुलना करताना गुणक आधी तपासावा.

शेणखतावर वाढवलेले भात आपोआप अधिक पौष्टिक असते, हा समजही या पट्ट्यावर तपासून पाहण्यासारखा आहे. आमच्या पट्ट्यातील हजार दाण्यांच्या वजनात नुसते शेणखत आणि योग्य वेळी दिलेले खत यांत फरक नगण्य निघाला. फरक पडला तो पोटरीतल्या युरियाने आणि तो वाईट बाजूने.